‘आपण यांना पाहिलंत का?’ : हरवलेल्या मुलांच्या शोधात आंतरजालावरील जाहिरातीची जागा – एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई दूरदर्शनच्या जुन्या प्रेक्षकांच्या मनात ‘आपण यांना पाहिलंत का?’ हे शब्द आजही घर करून आहेत. पडद्यावर एक स्थिर छायाचित्र येई. निवेदक संथ, निर्विकार स्वरात नाव, वय, वर्ण, अंगावरील कपडे सांगे आणि माहिती कोठे कळवावी हे सांगून थांबे. हरवलेल्या माणसाचा शोध ही समाजाची सामूहिक जबाबदारी आहे, असे या निवेदनात कोठेही म्हटलेले नसे. तथापि त्याची मांडणीच ती जबाबदारी गृहीत धरून केलेली होती. आज तेच छायाचित्र संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, बातमीच्या शेजारी किंवा चित्रफितीच्या आधी, जाहिरातीच्या चौकटीत दाखविता येते. जगात काही ठिकाणी तसे प्रयोग झाले असून आपल्याकडेही अशा सूचना अधूनमधून पुढे येतात.

या कल्पनेचे स्वागत बहुधा भावनेच्या भरात होते. ‘विकल्या न गेलेल्या जागेत एखाद्या मुलाचे छायाचित्र दाखवले तर बिघडले कोठे?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा प्रश्न थोडा थांबून तपासण्याचा आहे. जाहिरातीची चौकट हे केवळ रिकामे भांडे नसून तिला स्वतःचे संबोधन, स्वतःचा काळ आणि स्वतःचा हिशोब असतो. शोधाची सूचना तिच्यात ठेवली असता त्या सूचनेचे काय होते, हे पाहण्यासाठी नवी मुंबईतील एपीएमसी मार्केट ही कसोटी म्हणून घेतली आहे. लेखात उल्लेखिलेल्या एकाही बालकाचे नाव दिलेले नाही. त्याचे कारण विवेचनाच्या ओघात स्पष्ट होईल.

संबोधनाचा प्रश्न

‘आपण यांना पाहिलंत का?’ या वाक्यातील दोन सर्वनामे लक्षणीय आहेत. ‘आपण’ हे आदरार्थी संबोधन प्रेक्षकाला साक्षीदाराचे स्थान देते. ‘यांना’ हे रूप हरवलेल्या व्यक्तीला, मग ती सहा वर्षांची का असेना, माणूस म्हणून मान देते. शिवाय त्या काळी वाहिन्या मोजक्याच असल्याने तेच छायाचित्र असंख्य घरांतून एकाच वेळी पाहिले जाई. दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यात किंवा कचेरीत त्याविषयी बोलणे शक्य होते. पाहणे ही तेथे सामायिक क्रिया होती.

आंतरजालावरील जाहिरातीचे संबोधन याच्या उलट दिशेने जाते. तेथील प्रत्येक चौकट एकेका व्यक्तीसाठी, तिच्या पूर्वीच्या शोधांवरून आणि ठावठिकाण्यावरून, निमिषार्धात निश्चित होते. शेजारी बसलेल्या माणसाच्या पडद्यावर तीच जाहिरात असेल याची खात्री नसते. त्यामुळे पाहणारा एकटा पडतो. त्यातच, जाहिरातीसारखे दिसणारे सर्व काही डोळ्यांआड करण्याची सवय वाचकाने स्वतःला लावून घेतलेली असते. जॅन बेनवे आणि डेव्हिड लेन या अभ्यासकांनी १९९८ मध्येच या प्रवृत्तीला ‘बॅनर-अंधत्व’ असे नाव दिले होते. पानावर ठळकपणे मांडलेली माहितीही केवळ ती जाहिरातीच्या आकारात असल्यामुळे वाचकांच्या नजरेतून सुटते, असे त्यांना आढळले. हरवलेल्या मुलाचा चेहरा या चौकटीत ठेवणे म्हणजे, ज्या जागेकडे न पाहण्याचे शिक्षण समाजाने घेतले आहे, नेमक्या त्याच जागी त्याला उभे करणे होय. हा पहिला आक्षेप गंभीर आहे. परंतु तो अखेरचा नाही.

उसनी जागा : दुधाच्या खोक्यापासून चुकलेल्या पानापर्यंत

दुसऱ्याच कामासाठी असलेली जागा शोधासाठी उसनी घेण्याची रीत आंतरजालापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डे मॉइन शहरातील एका दुग्धशाळेने १९८४ साली वृत्तपत्रे टाकणाऱ्या दोन बेपत्ता मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली. पुढील वर्षी ही प्रथा देशभर पसरली. ती दोन मुले आजतागायत सापडलेली नाहीत. या मोहिमेने बेपत्ता मुलांचा प्रश्न घरोघरी नेला हे खरे. पण न्याहारीच्या वेळी समोर येणारे ते चेहरे लहान मुलांच्या मनात भय निर्माण करतात, अशी हरकत डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनीही घेतली. दशक संपता संपता ही प्रथा ओसरली. रोज तेच पाहून डोळे सरावले, हेही त्यामागील एक कारण मानता येईल.

या अनुभवाच्या विरुद्ध टोकाला १९९६ मध्ये टेक्सासमधील एका नऊ वर्षांच्या मुलीच्या अपहरणानंतर व हत्येनंतर उभी राहिलेली ‘अँबर’ इशारा-व्यवस्था आहे. तिचे सामर्थ्य विरळपणात आहे. अपहरणाची सबळ शक्यता, जिवाला धोका आणि सांगण्याजोगे वर्णन या अटी पूर्ण झाल्या तरच पोलीस इशारा देतात. फेसबुकने जानेवारी २०१५ पासून अमेरिकेत हे इशारे दाखविण्यास प्रारंभ केला, तोही पोलिसांनी ठरविलेल्या शोधक्षेत्रातील लोकांनाच.

तिसरा प्रयोग युरोपातील आहे. २०१२ मध्ये बेल्जियममधील ‘चाइल्ड फोकस’ आणि ‘मिसिंग चिल्ड्रन युरोप’ या संस्थांनी ‘नॉटफाउंड’ नावाचा उपक्रम सुरू केला. संकेतस्थळावरील एखादे पान सापडले नाही की ‘पान उपलब्ध नाही’ असा कोरडा संदेश येतो. त्या जागी बेपत्ता मुलाचे छायाचित्र दाखविण्याची सोय या उपक्रमाने केली. येथे कल्पकता आहे, आणि एक शहाणपणही आहे: छायाचित्र प्रत्येक संकेतस्थळाने आपल्याकडे साठवून ठेवायचे नसून एका मध्यवर्ती स्रोतातून घ्यायचे असते. या तांत्रिक तपशिलाचे नैतिक महत्त्व पुढे दिसेल.

बाजाराची कसोटी

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची स्थापना १९७७ साली झाली. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथे विखुरलेला घाऊक व्यापार त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे परिसरात आणण्यात आला. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार येथे वसले. शहर झोपते तेव्हा भाजीपाल्याच्या गाड्या येथे लागतात. नाशिक, पुणे, सातारा येथून, तसेच कर्नाटक, गुजरात आणि त्याही पलीकडून माल येतो. चालक, क्लीनर, माथाडी कामगार, पाटीवाले, निवडटिपण करणाऱ्या स्त्रिया, चहावाले, अडते आणि त्यांचे मेहताजी अशी माणसांची ये-जा अहोरात्र चालू असते. नवा चेहरा येथे कोणाच्या डोळ्यावर येत नाही, कारण रोजच नवे चेहरे असतात. घर सोडून आलेल्या मुलाला अशा ठिकाणी पोटापुरते काम आणि पाठ टेकण्यापुरती जागा मिळू शकते. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ मध्ये दुरुस्त होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली असली, तरी दोन दिवस ‘हाताखाली’ राहिलेल्या पोराची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

जाहिरातीच्या भाषेत बोलायचे तर हा प्रेक्षकवर्ग कसा आहे? आंतरजालावरील जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते, आणि बोली पाहणाऱ्याच्या क्रयशक्तीवर ठरते. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना न दिसणाऱ्या या लिलावाचे नवल वाटू नये. या लिलावात मोटार किंवा सदनिका घेऊ शकणाऱ्या ग्राहकाच्या पडद्याला चढा भाव येतो. हमालाच्या किंवा क्लीनरच्या पडद्याला येत नाही. बाजाराच्याच शब्दांत सांगायचे तर त्याच्या पडद्यावरील जागेला ‘उठाव’ नसतो. उठाव न झालेल्या जागेत सार्वजनिक हिताच्या सूचना दाखविण्याची पद्धत जाहिरात-व्यवसायाला परकी नाही. गूगलच्या ‘ॲडसेन्स’ व्यवस्थेतही एके काळी योग्य सशुल्क जाहिरात न मिळाल्यास लोकसेवेच्या जाहिराती दिसत असत.

येथे एक विरोधाभास हाती लागतो. जाहिरातदाराच्या लेखी ज्याची किंमत सर्वांत कमी, तोच शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा साक्षीदार असण्याची शक्यता आहे. पहाटे तीन वाजता गाळ्याच्या पायरीवर झोपलेले मूल मोटारीच्या ग्राहकाला दिसत नाही. पाठीवर गोणी घेऊन जाणाऱ्याला दिसते. म्हणजे उरलीसुरली जागा केवळ फुकट मिळते म्हणून नव्हे, तर ती योग्य माणसाच्या हातात असते म्हणून उपयुक्त ठरू शकते. ‘उरलेले दान’ या हेटाळणीच्या दृष्टीने तिच्याकडे पाहणे म्हणूनच अपुरे आहे.

मात्र या शक्यतेला दोन अटी आहेत. पहिली भाषेची. बाजारात मराठीबरोबर हिंदी, कन्नड, गुजराती, भोजपुरी कानी पडते; इंग्रजी मजकुराची चौकट येथे निरर्थक आहे. मजकूर अत्यल्प, छायाचित्र स्पष्ट आणि सूचना ऐकता येण्याजोगी हवी. दुसरी अट काळाची. रात्री आलेली गाडी खाली होऊन परतीला लागते. नाशिकहून नाहीशा झालेल्या मुलाची सूचना आठवड्याने तुर्भ्यात झळकली, तर तोवर ज्या चालकाने त्याला पाहिले तो आणखी दोन राज्ये ओलांडून गेलेला असेल.

अंधेरीचे प्रकरण

या चर्चेला वस्तुस्थितीचा आधार देणारे एक प्रकरण मुंबईतच घडले. २२ जानेवारी २०१३ रोजी अंधेरी येथील सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे तिचा तपास होता. २००८ ते २०१५ या काळात त्या हद्दीतून बेपत्ता झालेल्या १६६ मुलींपैकी १६५ सापडल्या. ही एक राहिली. भोसले २०१५ मध्ये सेवानिवृत्त झाले, तरी त्यांनी तिचा शोध सोडला नाही. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती आणि आपल्या मूळ घरापासून फार दूर नसलेल्या वस्तीत राहत होती. मधल्या काळातील काही वर्षे तिला कर्नाटकात ठेवण्यात आले होते.

तिचा शोध कसा लागला, हे येथे महत्त्वाचे. ती ज्या घरी मूल सांभाळण्याचे काम करी, तेथे काम करणाऱ्या एका स्त्रीला तिच्या बोलण्यावरून संशय आला. आंतरजालावर शोध घेता २०१३ मधील ‘हरवली आहे’ हे पत्रक सापडले. त्यावर पाच दूरध्वनी क्रमांक होते. त्यांपैकी एकच चालू होता. तो जुन्या शेजाऱ्याचा होता.

या घटनेचे वाचन बारकाईने केले पाहिजे. ते पत्रक कोणावर लादले गेले नव्हते; ते शोधले गेले. त्याच्या यशाचे कारण किती लोकांनी ते पाहिले हे नसून, नऊ वर्षांनंतरही ते जागेवर होते, हे आहे. आणि पाचांतील चार क्रमांक मृत झाले होते, म्हणजे हे यश अगदी थोडक्यात साधले. जाहिरातीचा हिशोब दर्शनांच्या संख्येने आणि टिचक्यांच्या प्रमाणाने मांडला जातो. या दोन्ही मापांनी हे पत्रक निकामी ठरले असते. सबब जाहिरातीची चौकट हे शोधाचे दार असू शकते, घर नव्हे. चौकट क्षणभर दिसते. तिच्यामागे टिकाऊ, शोधता येण्याजोगी नोंद आणि कधीही न बदलणारा क्रमांक असला पाहिजे. असा क्रमांक आपल्याकडे आहे. मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून, सुरू झाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली आहे. कुटुंबाचे घर बदलते, क्रमांक बंद होतो. १०९८ हे चार अंक बदलत नाहीत.

शोधाचे संशयात रूपांतर

छायाचित्राचा प्रसार नेहमी शोधाकडेच नेतो असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारे समजून, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्या वर्षी भ्रमणध्वनीवरून देशभर मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. तेव्हा फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील एका संस्थेने बेपत्ता मुलांविषयी जागृतीसाठी केलेल्या लोकहिताच्या जाहिरातीतून कापलेली होती. शेवटी पळविलेले मूल परत आणून सोडले जाते आणि संदेश दाखविला जातो. तो भाग गाळून उरलेला तुकडा खरी घटना म्हणून पसरविण्यात आला.

बेपत्ता मुलांसाठी केलेली जाहिरातच परक्या माणसाविरुद्धचे हत्यार बनावी, यापेक्षा या माध्यमाची कठोर समीक्षा दुसरी नसेल. एपीएमसी मार्केट हे परक्यांच्या श्रमावर चालणारे ठिकाण आहे. तेथे ‘मुले पळविली जात आहेत’ असा सूर लावणारी जाहिरात शोधाला हातभार न लावता भीतीला खतपाणी घालील. म्हणून सूचनेत कोणाला पाहिले, एवढेच विचारावे. कोणी नेले असेल, याची कल्पनाचित्रे रंगवू नयेत. सूचना अधिकृत असल्याची खूण, दिनांक आणि पोलीस ठाणे तिच्यावर असावे. दूरदर्शनच्या निवेदकाचा तो निर्विकार स्वर आज आठवतो तो यामुळेच. त्या कोरडेपणात एक संयम होता.

चेहरा केव्हा पुसावा?

सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानंतर बालक बेपत्ता झाल्याच्या तक्रारीत अपहरण अथवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदविणे आवश्यक झाले. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील २०१६ चे आदर्श नियम वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी, ध्वनिक्षेपक, भित्तिपत्रके, लघुसंदेश व समाजमाध्यमे यांद्वारे प्रसिद्धी देण्यास सांगतात. त्याच अधिनियमाचे कलम ७४ मात्र काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. वरकरणी हा विसंवाद वाटतो. वास्तविक यात काळाचा क्रम आहे. मूल हरवलेले असेतो त्याचा चेहरा शक्य तितका दिसला पाहिजे. ते सापडताक्षणी तो दिसेनासा झाला पाहिजे. पळवून नेलेल्या, शोषण झालेल्या मुलीचे छायाचित्र तिच्या विवाहाच्या वयातही आंतरजालावर राहिले, तर शोध संपूनही तिची सुटका होत नाही.

अंधेरीच्या प्रकरणात पत्रक टिकले म्हणून मुलगी सापडली. सापडल्यावर मात्र तेच टिकणे तिच्या वाट्याला ओझे म्हणून येऊ शकते. या पेचातून वाट काढण्यासाठी छायाचित्राच्या प्रती जागोजागी न वाटता एकाच अधिकृत स्रोतातून ते दाखविले पाहिजे. तेथून काढले की सर्वत्र नाहीसे होईल, अशी व्यवस्था हवी. ‘नॉटफाउंड’ उपक्रमातील तो तांत्रिक तपशील येथे उपयोगी पडतो. केंद्र शासनाचे ‘ट्रॅकचाइल्ड’ आणि २०१५ मध्ये सुरू झालेले ‘खोया-पाया’ ही संकेतस्थळे आता ‘मिशन वात्सल्य’च्या छत्राखाली एकत्र आलेली आहेत. म्हणजे अधिकृत स्रोताची चौकट उपलब्ध आहे. जाहिरातीच्या जागा तिला जोडण्याचे काम बाकी आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. घर सोडणारे प्रत्येक मूल पळविलेले नसते. काही मुले मारहाणीला किंवा लहान वयातील लग्नाला कंटाळून निघालेली असतात. त्यांच्या बाबतीत जाहिरातीवर कुटुंबाचा क्रमांक देणे म्हणजे ज्याच्यापासून ते पळाले त्याच्याच हाती त्यांना सोपविणे ठरू शकते. म्हणूनही क्रमांक यंत्रणेचा असावा आणि मूल सापडल्यावर ते प्रथम बालकल्याण समितीसमोर जावे.

समारोप

वरील विवेचनावरून आंतरजालावरील जाहिरातीची जागा हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष निघत नाही. ती आपोआप उपयोगी पडेल, असाही निघत नाही. शोधक्षेत्र नेमके असावे, सूचना पहिल्या काही तासांत जावी, ती त्या परिसराच्या भाषांत असावी, तिच्यामागे टिकाऊ नोंद व कायमचा क्रमांक असावा आणि मूल सापडताच चेहरा पुसला जावा, या अटी पाळल्या तरच तिला अर्थ आहे.

एपीएमसी मार्केटपुरती एक सूचना करावीशी वाटते. राज्यभरातील शेतकरी, व्यापारी आणि वाहतूकदार रोज बाजारभाव पाहतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची आवक व दर प्रसिद्ध होतात, आणि तेच आकडे अनेक खाजगी संकेतस्थळांवर जाहिरातींच्या सोबतीने फिरतात. कांद्याचा दर हा जाहिरातीसारखा दुर्लक्षिला जात नाही. तो पाहण्यासाठीच पान उघडलेले असते. त्या दराच्या शेजारी, त्या मार्गावर त्या दिवशी हरवलेल्या मुलाची एकच अधिकृत सूचना असावी, आणि तीच सूचना बाजाराच्या प्रवेशद्वारापाशी व माथाडी कामगारांच्या बसण्याच्या जागी ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या भाषांत ऐकविली जावी. पडद्यावर पाहिलेले दोघांनी एकत्र ऐकले, तर त्याविषयी बोलणे होईल.

अंधेरीच्या मुलीला शोधणारी स्त्री जाहिरातीची ग्राहक म्हणून कोणत्याही यादीत नव्हती. तिने एका मुलीचे बोलणे मन लावून ऐकले, आणि शोध घेण्याची तसदी घेतली. जाहिरातीच्या चौकटीचे यश अशा माणसापर्यंत वेळेवर पोहोचण्यात आहे. आणि त्याला ‘आपण’ म्हणून साक्षीदाराचा मान देण्यात आहे.